कोरा विषय

आमच्या ऑनलाइन लेखनगटाला रोज सकाळी विषय मी देते. आज घाईघाईत कोराच संदेश गेला.

चहा होईस्तोवर नऊ जणांनी लिहूनही टाकलं. "ताई, काय झकास विषय दिलात!" गटातले शिंपीकाका म्हणाले.

पहिलीने लिहिलं होतं, खिडकीशी पाठमोरी बसून एक बाई शर्टाला बटण लावतेय. दुसऱ्याने तिच्या करंगळीवरचा भाजल्याचा डाग लिहिला. तिसरीने लिहिलं, ती दोरा दातांनीच तोडते.

ही माझी आई. तिला जाऊन अकरा वर्षं झाली, यांच्यातल्या कुणी तिला पाहिलेलंही नाही. मला तर तिचा चेहराच आठवेनासा झाला होता. मी पुढचं वाचत गेले.

नवव्याची एकच ओळ होती : "बटण लावून झालं, आता फक्त दोरा तोडायचा राहिलाय."

माझ्या पाठीमागे, खिडकीशी, कट्‌कन दोरा तुटला.