ड्वेनचं हरीण

लाइलच्या खिशातून हरणी ओरडली, तेव्हा दवाखान्यात बसलेल्या पाच पुरुषांनी एकदम माना वर केल्या.

ओरडली ती खरं तर डबी. मुठीत मावेल एवढी पत्र्याची डबी. उलटी केली की आतून माजावर आलेल्या हरणीचा आवाज निघतो आणि जंगलातले नर खुळ्यासारखे धावत येतात. लाइल बुटाची नाडी बांधायला वाकला होता. नाडी सुटलेली नव्हती. समोरच्या दारातून नर्स बाहेर आली की तिची नजर चुकवायला तो वाकायचा, एवढंच.

अंगात शिकाऱ्यांचं भडक नारिंगी जाकीट, डोक्यावर नारिंगी टोपी. बायकोला, मार्लिसला, त्याने सांगितलं होतं की शिकारीला चाललोय. विस्कॉन्सिनच्या उत्तरेला नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीला मोकळीक असते त्या आठवड्यात पुरुष घराबाहेर पडला तर कुठे निघालास, असं कुणी विचारत नाही. खोटं बोलायला वर्षात याहून सोयीचा आठवडा नाही. पण मार्लिस दारात उभी राहून बघत होती, म्हणून सगळं सामान घ्यावं लागलं. बंदूक तेवढी गाडीत कुलपात होती.

झालं होतं असं, की रक्ताच्या तपासणीत प्रोस्टेटचा आकडा चढला. मग एमआरआय झाला. त्या बोगद्यात यंत्र कानाशी पत्रे बडवत होतं, पण लाइल हलला नाही. हलायची हिंमतच नव्हती. फोटोत प्रोस्टेटवर काळा डाग निघाला, वाटाण्याएवढा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डाग म्हणजे कॅन्सरच असं नाही. सुईने तुकडे काढून बघावे लागतील." त्यातला लाइलला एकच शब्द ऐकू आला. तेव्हापासून तो जेवताना, गाडी चालवताना, चर्चमध्ये, सगळीकडे त्या वाटाण्यावर बसून होता.

"अरे, बंद कर ती," कोपऱ्यातल्या मासिकामागून कुणी म्हणालं.

आवाज ओळखीचा होता. मासिक खाली आलं. मागे ड्वेन होता, मार्लिसचा धाकटा भाऊ. तोही नारिंगी. आता बघितलं तर पाचही जण नारिंगी होते.

ड्वेनला गेली चार वर्षं एकही हरीण मिळालेलं नव्हतं. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला लाइल टर्की कापता कापता सगळ्यांना ऐकवायचा, "ड्वेनची हरणं गोळीने मरत नाहीत, म्हातारपणाने मरतात!" टेबल हसायचं. ड्वेन बटाटे वाढून घ्यायचा.

"तू इथे काय करतोयस?" लाइलने विचारलं.

"शिकार," ड्वेन म्हणाला. "तू?"

"शिकारच."

"बरं."

दोघांनी समोर बघितलं. समोर भिंतीवर मूत्राशयाचं रंगीत चित्र होतं.

"गेली चार वर्षं याच आठवड्यात येतो," ड्वेन चित्राकडे बघतच म्हणाला. "कधी एमआरआय, कधी सुया. कॅन्सर आहे. पण निजलाय. बाई म्हणतात, सध्या गोळी घालायची नाही, मचाणावर बसून नुसती नजर ठेवायची."

लाइल त्याच्याकडे वळला. "म्हणजे मी दर वर्षी ते... टर्की कापताना..."

"छान सांगतोस तू. जरा लांबवतोस, एवढंच."

"दुखतं का रे?"

"खरं सांगू की खोटं?"

"खोटं."

"अजिबात नाही."

लाइल उठला. "मी जातो घरी. मार्लिसला सांगतो, यंदा हरणंच नव्हती."

"डोळे मिटून घेतले म्हणून जंगलातलं हरीण पळून जातं का, लेका?" ड्वेन म्हणाला. "बघायला तर लागेल."

दार उघडलं. नर्सने लाइलचं नाव पुकारलं. लाइल नाडी बांधायला वाकला. खिसा ओरडला. ड्वेनने त्याच्या खिशात हात घालून डबी काढून घेतली.

"ही माझ्याकडे राहू दे. आत अशी ओरडली तर बाईंचा नेम चुकायचा. जा."

लाइल गेला.

आत त्याला कुशीवर झोपवलं. पडद्यावर तो वाटाणा होता, आता चांगला मोठा दिसत होता. डॉक्टरीणबाईंच्या हातात बंदुकीसारखं काहीतरी होतं, पुढे सुई. "खट् असा आवाज येईल," त्या म्हणाल्या. "दचकू नका."

तो आवाज लाइलच्या ओळखीचा होता, बंदुकीच्या घोड्याचा. आयुष्यभर त्याने तो दुसऱ्या टोकाकडून ऐकला होता.

खट्.

त्याने पलंगाची कड धरून डोळे मिटले. सगळं शांत झालं. ही शांतताही ओळखीची होती. गोळीनंतर जंगलात पडते ती. तिच्यात तो कान देऊन थांबायचा, आणि काही हललं नाही की म्हणायचा, लागली.

दार पातळ होतं. दारापलीकडे हरणी ओरडली.

खट्. हरणी ओरडली.

खट्. पुन्हा ओरडली. या वेळी जरा लांबवून.

डॉक्टरीणबाईंचा हात हवेतच थांबला. "हे काय चाललंय?"

"माझा मेहुणा आहे," लाइल म्हणाला. त्याचे डोळे अजून गच्च मिटलेले होते. "त्याचं हरीण गोळीने मरत नाही."