डोक्याचा आजार

करुणाला लहानपणापासून फिट यायच्या. जनाबाईनं लेकीला डोळ्यांत तेल घालून जपलं. तिला कधी स्टोव्हजवळ बसू दिलं नाही, मोरीला कडी ठेवली नाही, गोळी चुकू दिली नाही. करुणा अंबरनाथहून उल्हासनगरला शिवणक्लासला जायची, तेव्हाही जनाबाई धाकट्या बहिणीला, विशाखाला, सोबत धाडायची.

त्या दुपारी करुणा क्लासवरून आली, "आई, जरा पडते गं," म्हणाली आणि उठलीच नाही. जनाबाई शेजारीच तांदूळ निवडत बसली होती. पोरीनं ना हातपाय झाडले, ना तोंडाला फेस आला.

"हृदय अचानक बंद पडलं असावं," घरी आलेले डॉक्टर म्हणाले. "छातीत धडधडतं, असं कधी म्हणायची का?"

"सारखी म्हणायची. मीच म्हणायचे, गोळ्यांनी होत असंल, सोस थोडं."

"कार्डिओग्राम काढला होता?"

"डोक्याचा फोटो काढलेला, साहेब. आजार डोक्याचा होता ना."

 डॉक्टर हळूच म्हणाले, "कधी कधी फिट आल्यासारखं दिसतं, पण दोष हृदयात असतो, बाई. आणि तो घराण्यातही असू शकतो. धाकटीला दाखवून घ्या."

करुणाला पोचवून माणसं परतली, तेव्हा जनाबाईनं विशाखाला ओढून घेतलं आणि तिच्या छातीला कान लावला. आत ठोके पडत होते. ते नीट पडताहेत की चुकताहेत, तिला काही कळेना. आणि कान बाजूला घ्यायचा धीरही होईना.