रविवारचा बाक

“मग लेकीला नका घेऊ, सिस्टर. मला शिकवा,” दाराशी पोचलेली रेजिना मागे वळून म्हणाली.

फी माफ करून लेकीला शाळेत घ्यायला सिस्टरनी नुकताच नकार दिला होता. कॉन्व्हेंटची फी आपल्याला झेपणार नाही, हे वसईच्या बाजारात केळी विकणाऱ्या त्या विधवेला येतानाच ठाऊक होतं. लेक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली असती. पण रोजची प्रार्थना, बायबल तिला कोण शिकवणार? पोरवयातच डोक्यावर टोपली घेतलेल्या रेजिनाला स्वतःलाच ते धड येत नव्हतं.

“देवाचं काय ते मला सांगा. मी घरी तिला सांगेन.”

“रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग असतो, फुकट. पण मुलांचा,” सिस्टर म्हणाल्या. “त्यांच्यात बसायची लाज वाटेल तुम्हाला.”

“वाटू दे. येईन.”

रविवारी मायलेकी कॉन्व्हेंटच्या वर्गात एका बाकावर बसल्या. मुलांच्या सुरात सूर मिसळून रेजिनानं प्रार्थना म्हटली, चुकली, पुन्हा म्हटली. लेक मात्र गुळगुळीत बाकावरून हात फिरवत होती.

“आये, उद्यापण इथंच यायचं?”

रेजिनानं तिला जवळ ओढलं. “पुढच्या रविवारी, बाय.”

वर्ग सुटला, मुलं पांगली, तरी दोघींनाही बाक सोडवेना.