अर्धं बॉनेट

"वर्षात कोटिंग गेलं! रंगकाम हे बाईमाणसाचं कामच नव्हे!" निवृत्त परुळेकर गुरुजींनी चार गिऱ्हाइकांदेखत सुनेत्राला सुनावलं. त्यांच्या लाल गाडीचं बॉनेट पांढुरकं पडून पोपडे सुटले होते.

गॅरेज सुनेत्राचं होतं, बॉनेटवर कोटिंग करणारा हातही तिचाच. तिने बॉनेटवर बोट फिरवून जिभेला लावलं. खारट! "गाडी कुठे लावता, गुरुजी?"

"घरासमोर, बंदरावर."

"धुता कधी?"

"धुवायची कशाला? कोटिंग त्यासाठीच तर केलं!"

वाद घालून काही उपयोग नव्हता, पण ऐकून गप्प बसणाऱ्यांतली ती नव्हती. तिने अख्खं बॉनेट घासून पुन्हा कोटिंग केलं. "आता डावी बाजू रोज गोड्या पाण्याने पुसा, पक्ष्यांची शीट वाळू देऊ नका. उजवीला हात लावू नका. वर्षाने दोन्ही बाजू सारख्याच बिघडल्या, तर मी हे काम सोडेन."

आयुष्यभर विज्ञान शिकवलेल्या गुरुजींना हा प्रयोग पटला.

वर्षाने ते आले तेव्हा उजवी बाजू उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने विटली होती, डावी लखलखत होती. ते बोलायच्या आतच सुनेत्राने डाव्या कडेचा रुपयाएवढा सुटलेला पापुद्रा दाखवला. त्यांच्या तो लक्षातही आला नव्हता.

"इथे कोटिंगआधीचं माझं घासणं कमी पडलं, गुरुजी. ही चूक माझी."

गुरुजींनी पापुद्र्यावर बोट फिरवलं. मग सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल असं म्हणाले, "आणि वर्षापूर्वी इथे बोललो, ती माझी."