कोड्यांचं मशीन

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एकच ओळ होती. सुरू व्हायला जे लागतं ते सापडत नाही, एवढंच मशीन सांगत होतं. कॉम्प्युटरच्या मेकॅनिकने तिसऱ्यांदा बटण दाबलं. पुन्हा तीच ओळ आली.

“व्हायरस असणार,” दादा त्याच्या मागे उभा राहून म्हणाला.

“माझ्यामुळेच झालं,” त्याची धाकटी बहीण म्हणाली. काल दुपारी दातांच्या डॉक्टरकडे जायच्या घाईत तिने मशीन नीट बंद न करता सरळ भिंतीवरचं बटणच बंद केलं होतं. सकाळपासून ही कबुली तिने चार वेळा दिली होती.

“जाऊ दे गं ठमी,” दादाने तिला टपली मारली. “चूक कोणाच्याही हातून होते. मी रागावलोय का?”

तो खरंच रागावला नव्हता. म्हणून तर तिचे डोळे सारखे भरून येत होते.

बारा वर्षं याच खोलीतून एका वर्तमानपत्राला रोजचं शब्दकोडं जात होतं. दादा चौकोन आखायचा आणि त्यात उभे-आडवे शब्द बसवायचा. ते शब्द ओळखायची सूत्रं धाकटी लिहायची. वाचक डोकं खाजवायचे ते तिच्यामुळे, आणि कोड्याखाली नाव छापून यायचं दादाचं. एकाच नावाची जागा असते म्हणे. तिने कधी कुरकुर केली नाही. आता मात्र हजार कोड्यांचं पुस्तक निघत होतं आणि त्यावर दोघांची नावं हवीत, एवढं ती पहिल्यांदाच बोलली होती. “अगं, त्यात विचारायचं काय?” दादा म्हणाला होता.

गेल्या आठवड्यात प्रकाशकांनी फोनवर तिला अवघडत विचारलं होतं, सूत्रं तुमचीच आहेत असं दाखवणारं काही आहे का? तिला हसू आलं होतं. मशीनच्या डिस्कचे दोन भाग होते, एक दादाचा, एक तिचा. तिच्या भागात बारा वर्षांचं एकेक सूत्र खाडाखोडीसकट तारीखवार पडलेलं होतं. “या की, दाखवते,” ती म्हणाली होती. दादा शेजारीच बसून ऐकत होता. तोही हसला होता.

आज चार वाजता प्रकाशक येणार होते.

“पुस्तकाचं काही अडत नाही,” दादा मेकॅनिकला म्हणाला. “जुळवलेली सगळी कोडी माझ्या भागात आहेत. तेवढा भाग सुरू करून द्या. हिचं गेलं असेल तर गेलं, त्याला इलाज नाही.” मग त्याचा फोन वाजला आणि तो गॅलरीत गेला.

मेकॅनिकने स्वतःचा पेनड्राइव्ह लावून मशीन त्यावरून उघडलं. धाकटी खुर्चीच्या कडेला बसून त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती.

“व्हायरस नाही,” तो शेवटी म्हणाला. “आणि तुमचं बटणही नाही. डिस्कचा एक भाग कोणीतरी काढून टाकलाय आणि ती जागा दुसऱ्या भागाला द्यायला घेतलीय. नशीब, वर काही लिहिलं गेलेलं नाही. हे बघा, परत आणला.”

तिच्या फायली एकाखाली एक पडद्यावर आल्या. तिने तोंडावर हात ठेवला.

“मशीन सुरू व्हायचं तेही याच भागातून,” मेकॅनिक म्हणाला. “हा गेला तसं सगळंच बंद पडलं. काढणाऱ्याला ते ठाऊक नसावं.”

तिला ठाऊक होतं. जुन्या ऑफिसने टाकून दिलेलं हे मशीन तिनेच घरी आणलं होतं, पुस्तिका वाचून वाचून सुरू केलं होतं. दादाला त्याचा भाग नंतर करून दिला होता. भागांना नावं मात्र हौसेने दादाने दिली होती, एकाला ‘दादा’ आणि दुसऱ्याला ‘ठमी’.

“कधी काढला?” तिने विचारलं.

“काल, चार वाजून दहा मिनिटांनी.”

काल चार वाजता ती डॉक्टरांच्या खुर्चीत आ वासून पडली होती. घरात एकटा दादा होता.

“त्याला या सेटिंगमधलं काही कळत नाही हो,” ती लगबगीने म्हणाली. “जागा कमी पडतेय म्हणत होता. चुकून दाबलं गेलं असेल.”

मेकॅनिक भला माणूस होता. त्याने की-बोर्डकडे बघतच सांगितलं.

“चुकून होत नाही, ताई. हा प्रोग्रॅम आधी दोनदा विचारतो. मग पुसायच्या भागाचं नाव स्वतः टाइप करायला लावतो. अक्षर न् अक्षर जुळलं तरच पुसतो.”

“कुठलं नाव?”

त्याने पडद्यावर बोट ठेवलं. तिने वाचलं. मग सकाळपासून किती वेळा रडत माफी मागितली, ते तिला आठवलं, आणि आपलीच लाज वाटली.

“ठमी,” गॅलरीतून दादाने हाक मारली, “झालं का गं सुरू?”

तिने खणातून आपला पेनड्राइव्ह काढून मेकॅनिकच्या पुढे ठेवला.

“माझं सगळं यावर घ्या,” ती म्हणाली, “आणि मग तो भाग पुन्हा पुसून टाका.”

“मशीन सुरू होणार नाही मग.”

“माहीत आहे,” ती म्हणाली आणि की-बोर्ड स्वतःकडे ओढला. “नाव मी टाइप करते.”