वादळाला आवतण

लातूर जिल्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुनाच चालू होता. अशात बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ उठल्याची बातमी रेडिओवर आली आणि मुरुडकरांचे चेहरे खुलले. रेणुकादास गुरुजींनी पारावर समजावलं, "तापल्या समुद्राची वाफ वर चढती, तिच्याभोवती वारं गरगरतं. किनाऱ्याला आपटून त्याचा जोर मोडला, की आपल्याकडं नुसता पाऊस येतो."

मग काय, वादळ यावं म्हणून महादेवाची पिंड पाण्यात बुडवायचं ठरलं. घरटी एक घागर. गोळा करायला उद्धवराव निघाले.

चंद्रप्रभाकाकूंनी दारातच हात जोडले. "मी न्हाई देणार. माझी इंदू मछलीपट्टणला हाय, ऐन किनाऱ्यावर."

वादळाच्या वाटेत माणसंही राहतात, हे गुरुजींनी सांगायचं राहिलंच होतं. उद्धवराव जरा घुटमळले. "एवढ्या लांब कशाला दिली हो पोर?"

"हितं पाणी न्हाई म्हणून."

उद्धवराव देवळात परतले. पिंड बुडायला चार बोटं उरली होती. त्यांनी काकूंचं बोलणं सांगितलं आणि स्वतःच गाभारा उपसायला बसले. कुणी अडवलं नाही, महादेवानंही नाही.

दुपारी अर्धं गाव भरल्या घागरी घेऊन काकूंच्या दारात उभं राहिलं.

"ट्रंक कॉल लावा, काकू," उद्धवराव म्हणाले. "लेक-जावयाला बोलवून घ्या. वादळ सरेस्तोवर त्यांच्या पाण्याचं गाव बघील. अन् शेजारीपाजारी येतो म्हणले, तर त्यांनाबी घेऊन या म्हणावं."