सतरावा रकाना

जावई लेकीला सोडायला तयार नव्हता. काझींनी त्याच्या घरी दोन खेपा घातल्या, समजावलं, शेवटी हात जोडले. तो एवढंच म्हणाला की मुलगी खुशाल ठेवा, पण तलाक मी देणार नाही आणि तिनं मेहेर सोडून खुला मागितला तरी कबूल होणार नाही.

लेक आतल्या खोलीत बसून होती. आल्यापासून तिनं डावा हात ओढणीबाहेर काढला नव्हता. आईनं तो एकदाच पाहिला होता.

"अब्बा, मला काहीच हक्क नाही का?" तिनं विचारलं.

"आहे. तो अडून बसला तर कोर्टात जाता येतं."

कोर्टात किती वर्षं जातात, ते काझी बोलले नाहीत.

जवळची वाट एकच होती. निकाहनाम्यात सतरावा रकाना असतो: नवऱ्यानं तलाकचा हक्क बायकोला दिला आहे का? तिथं 'होय' असेल आणि खाली नवऱ्याची सही असेल, तर बाई कुणाला न विचारता मोकळी होऊ शकते. पण तीस वर्षांत काझींनी एकाही नवरदेवाला हा प्रश्न विचारला नव्हता. आनंदाच्या घडीला अभद्र कशाला, म्हणून कच्च्या कागदावर ते तिथं काट मारून पुढं जात. लेकीच्या वेळीही त्यांनी तेच केलं होतं.

तरी त्यांनी कपाटातून निकाहांच्या नोंदींचं दफ्तर काढलं. काझींचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात. त्यामुळे कच्चा मजकूर दफ्तरात उतरवायचं काम लग्न झाल्यापासून बायकोकडे होतं. मग बोट ठेवाल तिथं नवरदेव सही करी, त्याखाली काझीही.

लेकीचं पान सापडलं. सतराव्या रकान्यात बायकोच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'होय'. खाली जावयाची सही होती. त्याखाली त्यांची स्वतःची.

काझींनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. लेक सुटली होती. छातीवरचा धोंडा उतरला.

बायको समोर कपड्यांच्या घड्या घालत होती.

"हे तू लिहिलंस?"

"सही करणारा वाचूनच सही करतो ना?" ती शांतपणे म्हणाली.

काझींनी मागचं पान उलटलं. दुकानदाराची धाकटी: होय. शाळेतल्या बाईंची भाची: होय. शिंप्याची बहीण: होय. त्यांनी जुनी दफ्तरं एकेक करून खाली काढली. एक पान सुटलं नव्हतं.

सगळ्यात जुन्या दफ्तराचं पहिलं पान तेवढं त्यांच्या स्वतःच्या अक्षरात होतं. नवरदेव म्हणून सहीही त्यांचीच होती. आणि सतराव्या रकान्यात ठसठशीत काट.